आईचं चॅनल, ४१ हजार व्ह्यूज आणि जाहिरातीचे पैसे

ओसरी (शनिवार, रात्री ९:१२)

माझी आई ६३ वर्षांची आहे, संगमेश्वर तालुक्यात आमच्या गावी असते आणि गेली दोन वर्षं यूट्यूबवर स्वयंपाकाचं चॅनल चालवते. चुलीवरचं साधं जेवण, म्हणजे कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, आंबोळ्या, सांदणं असं. शूटिंग माझा भाचा करतो, एडिटिंग मी पुण्यात बसून करते. फेब्रुवारीत हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरातले चार हजार तास दोन्ही पुरे झाले, जाहिरातींची परवानगी मिळाली, घरात पेढे वाटले.

गेल्या महिन्यात सगळे व्हिडिओ मिळून ४१ हजार व्ह्यूज झाले आणि कमाई दिसते १४ डॉलर. म्हणजे साधारण बाराशे रुपये. आई फोनवर म्हणाली, "अगं ४१ हजार माणसं देवरुखच्या बाजारात मावायची नाहीत, आणि एवढ्यांनी बघून गॅसच्या दीड सिलिंडरचे पैसे?" मला उत्तर देता आलं नाही.

तिचा दुसरा प्रश्न आणखी अवघड आहे. हजार सबस्क्रायबर व्हायच्या आधीसुद्धा तिच्या व्हिडिओवर जाहिराती दिसायच्या, मग ते पैसे कुणाचे?

इथे जाहिरातीत काम केलेले लोक आहेत, चॅनलवाले आहेत. आईला वाचून दाखवता येईल असं कुणी समजावून सांगाल का?

मृदगंध (९:२०)

चॅनलची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना. सांदणं शब्द वाचूनच थांबले.

घाटवाट (९:४१)

ओसरीताई, पहिला धडा म्हणजे व्ह्यू विकला जात नाही, जाहिरात विकली जाते. ४१ हजार व्ह्यूजपैकी कितींवर खरंच जाहिरात लागली ते ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे चॅनलच्या आकडेवारीच्या पानावर बघा, आकडा बराच कमी असेल. माझ्या ट्रेकिंगच्या चॅनलवर कित्येकदा निम्म्याहून कमी व्ह्यूजवर जाहिरात दिसलेली असते.

होर्डिंगवाला (१०:३०)

मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात तीस वर्षं काढली, शेवटची दहा वर्षं ऑनलाइनची जागा खरेदी करायचं काम होतं. ओसरी, आईंना असं सांग.

देवरुखच्या बाजारात हापूसच्या पेट्यांचा लिलाव लागला असं समजा. इथे पेटी म्हणजे बघणाऱ्या माणसाचे काही सेकंद. कुणीतरी साताऱ्यात आईंचा व्हिडिओ उघडला की तो सुरू व्हायच्या आधी, डोळ्याची पापणी लवायच्या आत, एक लिलाव होतो. आटा विकणारा, मोबाइलवाला, कर्ज देणारा, सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं की आम्हाला अमुक वयाची, अमुक गावची, अमुक गोष्टीत रस असलेली माणसं हवीत आणि त्यांच्यासाठी आम्ही इतके पैसे देऊ. बोली लावणारे चार असले की भाव चढतो, एकच असला की पडतो, आणि कुणीच नसला की त्या व्ह्यूवर जाहिरातच लागत नाही, व्हिडिओ नुसता चालतो. सगळ्यात मोठी बोली जिंकते असंही नाही, लोकांना ती जाहिरात कितपत आवडते, किती जण ती शेवटपर्यंत बघतात, हेसुद्धा हिशोबात धरतात.

जे पैसे येतात त्यातले मोठ्या व्हिडिओसाठी ५५ टक्के चॅनलला आणि ४५ टक्के यूट्यूबला. दर नेहमी हजारावर बोलतात. सीपीएम म्हणजे जाहिरात देणाऱ्याने हजार वेळा दाखवण्याचे दिलेले पैसे, त्यातला एम हा लॅटिन मिले, म्हणजे हजार. आरपीएम म्हणजे वाटणी होऊन हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात पडलेले. आईंचा आरपीएम निघतो चौतीस सेंट, तीसेक रुपये. मराठी स्वयंपाकाच्या नव्या चॅनलला हा काही वावगा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, ते पैसे यूट्यूबने ठेवले. २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आणि २०२१ च्या जूनपासून बाकी जगात त्यांच्या अटी बदलल्या, की जे चॅनल भागीदार योजनेत, म्हणजे जाहिरातीच्या पैशांतला वाटा मिळणाऱ्यांत नाही त्यावरही आम्ही जाहिराती दाखवू आणि त्यातला वाटा देणार नाही. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. व्हिडिओ साठवायला, जगभर पोचवायला खर्च येतो हे मान्य, पण ज्या बाईने चुलीपुढे बसून केलं तिला चार आणे तरी द्यावेत की नाही?

ओसरी (१०:५२)

होर्डिंगवाला काका, मनापासून आभार. लिलाव वाचून दाखवला. आई म्हणाली, "मग माझा आंबा बघणाऱ्यावर मोलतात होय, माझ्यावर नाही." तिला लगेच कळलं आणि मला दोन वर्षं कळलं नव्हतं.

सातासमुद्रा (११:१५)

एडिसन, न्यू जर्सीहून. काकू म्हणाल्या ते शंभर टक्के खरं. तोच व्हिडिओ माझी सासू चिपळूणला बघते तेव्हा तिला साबणाची जाहिरात लागते, मी इथे बघते तेव्हा कार इन्शुरन्सची. इथल्या विमा कंपन्या एका गिऱ्हाइकासाठी खूप पैसे मोजायला तयार असतात, म्हणून बोली मोठी. ओसरी, ॲनालिटिक्समध्ये देशानुसार कमाई बघ.

ओसरी (११:३८)

आत्ता बघितलं. अमेरिकेतले व्ह्यूज ११०० आणि त्यांचे २ डॉलर ७० सेंट! शंभरात तीनसुद्धा बघणारे नाहीत आणि कमाईतला जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांचा.

सातासमुद्रा (११:४४)

बघ. इंग्रजी सबटायटल टाक, आमची इथली दुसरी पिढीही बघेल. माझी मुलगी आजीचं पिठलं करायला बघते पण "वैल" (चुलीला जोडलेली बाजूची छोटी चूल) म्हणजे काय तिथे अडते. आणि काकूंना सांग, आम्हाला इथे फणस डब्यातला मिळतो, त्याची भाजी दाखवा, अख्खं एडिसन बघेल.

शंकासुर (रविवार, सकाळी ७:०५)

सगळं ठीक, पण बघणाऱ्याचं कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. माझे वडील ८१ वर्षांचे, पहाटे हरिपाठ लावतात. साइटचं नाव घेत नाही, पण तिथे मधल्या अभंगात एकदम पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात, आवाज दुप्पट. त्यांना स्किपचं बटण सापडत नाही, चष्मा नसतो. त्या दिवशी मी घरच्या सगळ्या कॉम्प्युटरवर जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर टाकला आणि मला त्याबद्दल अजिबात वाईट वाटत नाही. पाच सेकंद म्हणता म्हणता पंधरा झाले, एकाच्या दोन झाल्या. आणि मी काय शोधतो, कुठे राहतो, माझं वय काय, हे सगळं गोळा करून त्यावर बोली लागते. मी आंबा नाही.

घाटवाट (७:५०)

शंकासुरजी, हरिपाठाचं वाचून वाईट वाटलं, त्यात चूक नक्कीच आहे. पण ब्लॉकर लावला की आमच्यासारख्यांना त्या व्ह्यूचं काहीच मिळत नाही. मी हरिश्चंद्रगडाचा एक व्हिडिओ करायला दोन रात्री वर काढतो, कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत उतरते म्हणून पोटाशी धरून झोपतो. तुम्ही तो फुकट बघता याचा मला आनंदच आहे, पण जाहिरात हेच माझं तिकीट आहे. नको असेल तर यूट्यूबची बिनजाहिरातीची वर्गणी, प्रीमियम घ्या, २०१९ ला भारतात १२९ रुपयांना सुरू झालं, आता महिना १४९ आहे, आणि त्या पैशातलाही वाटा तुम्ही ज्यांना जितका वेळ बघता त्या प्रमाणात चॅनलला मिळतो.

कळशी (८:२०)

दोघांचंही पटतंय. मला मात्र दूरदर्शन आठवलं. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ ला आल्या. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी, आणि जाहिरात लागली की मुलं उठून पळायची नाहीत, उलट सगळ्यांना त्या पाठ असायच्या. तेव्हा जाहिरात सगळ्यांना एकच. ज्याच्या घरी स्कूटर यायची शक्यता नाही त्यालाही स्कूटरची आणि चाळीच्या मालकालाही स्कूटरची. आता एकाच घरात चार जणांना चार जाहिराती. नातवाच्या फोनवर काय दिसतं ते मला कधी कळतच नाही.

टीव्हीला निदान तासाला १२ मिनिटांच्या वर जाहिरात नको असा नियम आहे. ऑनलाइनला असं काही आहे का?

होर्डिंगवाला (९:०५)

कळशीताई, तसा मिनिटांचा नियम ऑनलाइनला नाही.

शंकासुर, तुमच्या मुद्द्याला धरून सांगतो. तुमचं नाव-गाव उचलून साबणवाल्याला दिलं जात नाही, तुमच्यापर्यंत पोचायची वाट विकली जाते. पण माहिती साठवली जाते हे खरं आणि त्याबद्दल विचारायचा हक्क तुम्हाला आहेच. गूगल खात्यात "माय ॲड सेंटर" आहे, तिथे वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात, आणि जुगार, दारू, वजन घटवणं अशा विषयांच्या जाहिराती कमी करा असंही सांगता येतं. वडिलांच्या फोनवर आजच करा. पाच मिनिटांचं काम आहे.

शंकासुर (९:३०)

केलं. बघतो आठवडाभर. ब्लॉकर मात्र काढणार नाही.

मृदगंध (९:३३)

पूर्वी व्हिडिओच्या खालच्या बाजूला पट्टी यायची ना, तिच्यावर छोटीशी फुली? ती कुठे गेली?

होर्डिंगवाला (१०:१५)

अरे वा, माझ्या आवडीचा विषय काढलास.

यूट्यूब २००५ ला निघालं, पेपाल कंपनीत पूर्वी काम केलेल्या तिघांनी काढलं, चाड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम. पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, जावेद करीम सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून बोलतोय, १९ सेकंदांचा. दीड वर्षात गूगलने १६५ कोटी डॉलरला विकत घेतलं, ऑक्टोबर २००६. तेव्हा आमच्या धंद्यातली जाणती माणसं म्हणायची की यांच्याकडे गर्दी आहे पण गल्ला नाही, इंटरनेटचं बिलच यांना बुडवेल.

तेव्हा वेबसाइटवर जाहिरात म्हणजे बॅनर. वर्तमानपत्रातली चौकट उचलून पडद्यावर ठेवली, इतकंच. तसंच यूट्यूबवरही उजव्या हाताला, सुचवलेल्या व्हिडिओंच्या वर एक चौकोन असायचा, ३०० बाय २५० पिक्सेलचा, आमच्या ऑफिसात त्याला नुसतं "तीनशे-अडीचशे" म्हणायचे. पहिल्या पानावर वरती आडवा मोठा पट्टा, त्याला मास्टहेड, तो दिवसाच्या हिशोबाने विकला जायचा. पण गंमत अशी की लोकांची नजर व्हिडिओवर आणि चौकोन बाजूला. मग २००७ च्या ऑगस्टमध्ये ती पट्टी आली, व्हिडिओच्या खालच्या पाचव्या भागात, अर्धी पारदर्शक. व्हिडिओ थांबवायचा नाही आणि नजरेसमोरही राहायचं, असा तो मधला मार्ग होता. त्याच वर्षी भागीदार योजना निघाली, म्हणजे व्हिडिओ करणाऱ्याला वाटा द्यायची कल्पना. हे फार मोठं पाऊल होतं असं माझं ठाम मत आहे. टीव्हीने कधी चाळीतल्या बाईला वाटा दिला होता?

२०१० च्या डिसेंबरात पाच सेकंदांनी स्किप करायची जाहिरात आली. आम्ही घाबरलो होतो की सगळे स्किप करतील. पण अट अशी होती की माणसाने ३० सेकंद बघितली, किंवा जाहिरात त्याहून छोटी असेल तर पूर्ण बघितली, किंवा क्लिक केलं, तरच दुकानदाराने पैसे द्यायचे. म्हणजे ज्याला नको तो आपणहून बाजूला होतो आणि ज्याला हवं तो राहतो. छोट्या धंदेवाल्याला हे पहिल्यांदा परवडलं. २०१६ ला सहा सेकंदांची, स्किप न होणारी बंपर आली.

आणि पट्टीचं काय झालं, तर ती फक्त कॉम्प्युटरवर दिसायची. लोक फोनवर गेले, तिथे उजवी बाजूच नाही. मग घरातल्या मोठ्या टीव्हीवर गेले, तिथे क्लिक करायला माउस नाही. ६ एप्रिल २०२३ ला पट्टी बंद झाली. आता सगळा भार व्हिडिओ जाहिरातीवर आहे आणि म्हणूनच शंकासुरांना त्या जास्त वाटतात, वाटतात म्हणजे आहेतच.

गल्ल्याचं म्हणाल तर २०१९ चा जाहिरातींचा आकडा पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हा १,५१५ कोटी डॉलर होता. २०२४ ला ३,६०० कोटींच्या वर. १६५ कोटींत घेतलेली वस्तू.

मृदगंध (१०:२२)

बापरे. एका पट्टीचं विचारलं आणि अख्खा इतिहास मिळाला. धन्यवाद काका!

तांबडापांढरा (दुपारी १२:४०)

मी पलीकडच्या बाजूचा माणूस, जाहिरात देणारा. कोल्हापुरात चपलांचं वडिलोपार्जित काम आहे. दोन दिवाळ्या यूट्यूबवर जाहिरात दिली. मुलीने फोनवर शूट केली, कातडं कमावण्यापासून वेणी घालेपर्यंत २८ सेकंदांत. ठिकाण निवडलं पुणे, मुंबई, पणजी, वय पंचवीस ते पंचेचाळीस. पहिल्या पाच सेकंदांतच दुकानाचं नाव आणि चप्पल दाखवली, म्हणजे स्किप करणाऱ्यालाही नाव फुकटात कळलं. काकांनी सांगितलं तसं, स्किप केलेल्यांचे पैसे लागले नाहीत.

एक सांगतो, दिवाळीत दर चढतात. ऑक्टोबरपासून सगळेच बोली लावतात, सोनं, साड्या, फ्रिज, मोबाइल. मला दसऱ्याआधी जे पडलं त्याच्या दीडपट धनत्रयोदशीच्या आठवड्यात पडलं. ओसरीताईंच्या आईंना म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला जाईल आणि जानेवारीत एकदम खाली येईल, तेव्हा घाबरायचं नाही, चॅनल बिघडलं नाही, बाजार उतरला.

आणि मनातलं बोलतो. मराठी व्हिडिओचा दर कमी का, तर मराठीत बोली लावणारे कमी. आमच्या पेठेतले निम्मे दुकानदार अजून केबलच्या पट्टीवर आणि रिक्षाच्या पाठीवर पैसे घालतात. मोठ्या कंपन्या हिंदीत एक जाहिरात करतात आणि तीच सगळीकडे चालवतात. सांगलीची हळद, सोलापूरची चादर, वेंगुर्ल्याचे काजू, पैठणचं लुगडं, या सगळ्यांनी मराठी व्हिडिओ निवडून बोली लावली तर आईंचे चौतीस सेंट चौतीस राहणार नाहीत. जाहिरात देताना ठरावीक चॅनलही निवडता येतं. मी या दिवाळीला मराठी चॅनलं निवडणार आहे, नक्की.

कळशी (१२:५५)

तांबडापांढरा, अगदी जिव्हाळ्याचं बोललात. अनुमोदन.

घाटवाट (१:१०)

+१. आणि चपलेची जाहिरात गडकिल्ल्यांच्या चॅनलवर नको, आमच्याकडे बूट लागतात :)

तांबडापांढरा (१:१४)

तुमच्याकडे खाली उतरल्यावर घालायला लागते दादा.

निषाद (३:३०)

पैसे कुणाकडे जातात यात तिसरी वाटही आहे, ती मी भोगली. माझे वडील कीर्तनकार. त्यांनी घरच्या पेटीवर पारंपरिक चालीत एक अभंग म्हटला, मी रेकॉर्ड करून टाकला. दोन दिवसांत एका संगीत कंपनीचा दावा आला की हे ध्वनिमुद्रण आमचं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे शब्द, वडिलांचा गळा, आमची पेटी! पण दावा आला की जाहिरात चालूच राहते आणि पैसे दावा करणाऱ्याकडे जाऊ शकतात.

हे कंटेंट आयडी नावाच्या यंत्रणेने होतं, २००७ पासून आहे. कंपन्या आपली गाणी तिथे जमा करतात, प्रत्येक नवा व्हिडिओ त्याच्याशी ताडून बघितला जातो. जुळलं की मालकाला तीन पर्याय, व्हिडिओ बंद करा, त्यावर जाहिरातीचे पैसे घ्या किंवा नुसती नजर ठेवा. ही यंत्रणा का आली तेही समजू शकतो, २००७ ला व्हायाकॉम कंपनीने यूट्यूबवर १०० कोटी डॉलरचा दावा लावला होता. पण चाल तीच असली की मशीन फसतं.

ओसरीताई, आईंच्या व्हिडिओवर दावा आला तर पाच दिवसांच्या आत हरकत घ्या, मग पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. दावेदाराला ३० दिवस असतात. आमच्या वेळी त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही आणि दावा आपोआप सुटला. वडील मात्र महिनाभर गायले नाहीत. त्यांना कुणीतरी चोर म्हटल्यासारखं झालं होतं.

ओसरी (३:५०)

निषाद, वाचून गलबलून आलं. आता गातात ना?

निषाद (३:५४)

गातात. आज एकादशीचं कीर्तन आहे, तिकडेच निघालोय.

गोष्टीवेल्हाळ (५:०५)

मी मुलांसाठी मराठी गोष्टींचं चॅनल चालवते, आमचं गणित आणखी निराळं. २०१९ ला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड लावला. जानेवारी २०२० पासून "मुलांसाठी" असं चिन्ह लावलेल्या व्हिडिओवर वैयक्तिक जाहिराती बंद, फक्त विषयावरून जुळणाऱ्या. म्हणजे बघणारा कोण हे बोली लावणाऱ्याला कळत नाही आणि भाव पडतो. माझी कमाई कमीच असते. पण मला दोन मुलं आहेत, आणि त्यांच्यामागे कुणी पाळत ठेवू नये असंच मला वाटतं. नियम योग्य आहे असं माझं मत आहे, तोटा सोसून.

शंकासुर (५:२०)

गोष्टीवेल्हाळ, तुम्हाला नमस्कार. लिंक पाठवा, नातीला लावतो. ब्लॉकर काढून.

ओसरी (७:१०)

एक विचारायचं राहिलं. माझा भाचा म्हणतो की त्याच्या वर्गातली सगळी मुलं आजीच्या व्हिडिओवरच्या जाहिरातींवर रोज क्लिक करतील. चालेल का?

होर्डिंगवाला (७:१२)

नाही नाही नाही! आत्ता फोन करून थांबव.

घाटवाट (७:१५)

अजिबात नको!! अशा क्लिकला अवैध ट्रॅफिक म्हणतात, पैसे कापले जातात आणि खातंही बंद होऊ शकतं. माझ्या चुलतभावाचा एका साइटवर ब्लॉग होता, मित्रांनी प्रेमापोटी क्लिक केलं आणि जाहिरातीचं खातं कायमचं गेलं. मुलांना सांगा व्हिडिओ पूर्ण बघा आणि आपापल्या आज्यांना दाखवा.

जाता जाता शॉर्ट्सचंही, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचंही सांगतो, भाचा लवकरच तिकडे वळेल. २०२० ला टिकटॉक बंद झालं आणि काही महिन्यांत शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच झाली. तिथे जाहिरात दोन व्हिडिओंच्या मध्ये येते, कुणा एकाच्या व्हिडिओवर नाही, म्हणून पैसे एका हंड्यात जमा होतात, गाण्यांचा हिस्सा निघतो आणि मग व्ह्यूजप्रमाणे वाटणी होऊन त्यातले ४५ टक्के तुम्हाला. फेब्रुवारी २०२३ पासून आहे. माझ्या एका शॉर्टला दोन लाख व्ह्यूज आले आणि त्याहून जास्त पैसे नऊ हजार व्ह्यूजच्या राजमाची व्हिडिओने दिले.

ओसरी (७:२२)

भाच्याला थांबवलं. थोडा खट्टू झालाय.

जमाखर्च (९:००)

नाशिकहून, व्यवसायाने सीए. पैसे हातात यायचं थोडं सांगतो. दहा डॉलर झाले की ॲडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरातीचे पैसे देणारी सेवा, पोस्टाने एक पिन पाठवतं, गावचा पत्ता नीट पिनकोडसकट लिहा. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, सुटले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात, परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो.

अमेरिकेतल्या बघणाऱ्यांच्या कमाईवर तिथला कर कापतात. डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरला आणि पॅन दिला की भारताशी असलेल्या करारामुळे १५ टक्के, तोही फक्त अमेरिकेतल्या भागावर. भरलाच नाही तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. हा फॉर्म न भरता पैसे गेलेले लोक मी बघितलेत, म्हणून कळकळीने सांगतो. आणि रक्कम छोटी असली तरी रिटर्नमध्ये दाखवा.

सातासमुद्रा (९:१२)

महिना १४ डॉलर म्हणजे सात महिन्यांत ९८, शंभर व्हायला आठवा महिना उजाडेल. ओसरी, काकूंच्या पहिल्या चेकचं डोहाळजेवणच करा!

कळशी (९:१५)

मग मेन्यू काकूंनीच ठरवायचा.

घाटवाट (सोमवार, सकाळी ६:५५)

मूळ प्रश्नाकडे परत येतो. ओसरीताई, आईंचे व्हिडिओ किती मिनिटांचे असतात? २०२० च्या जुलैपासून आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधेही जाहिरात टाकता येते, आधी दहा मिनिटांची अट होती. आईंचे सहा-सात मिनिटांचे असतील तर थोडे वाढवा, तिथेच कमाई वाढू शकते.

गोष्टीवेल्हाळ (७:३०)

घाटवाट, इथे मी असहमत. आठ मिनिटं भरायची म्हणून लोक काय पाणी घालतात ते आपण बघतोच, चार मिनिटं नुसती "नमस्कार मैत्रिणींनो". काकूंचं साधेपण जाईल. माणसं कंटाळून निघून गेली तर शेवटी तोटाच.

घाटवाट (७:४०)

पाणी घाला म्हणत नाहीये मी. पदार्थच मोठा निवडा म्हणतोय.

होर्डिंगवाला (८:१०)

दोघांच्या मधे पडतो. जागा महत्त्वाची. वाक्य तोडून जाहिरात घुसली की माणूस चिडतो आणि तो राग आटावाल्यावरही निघतो, हे आम्ही धंद्यात कायम अनुभवलं. २०२५ च्या मे महिन्यापासून यूट्यूबही म्हणतंय की मधल्या जाहिराती नैसर्गिक थांब्यांवर जास्त दाखवू. आणि यंत्रावर सोडायचं नसेल तर जागा स्वतःच्या हाताने ठरवता येते, एडिटरमध्ये खूण सरकवायची.

ओसरी (मंगळवार, रात्री १०:०५)

काल रात्री आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, दीड तास लागला. डब्ल्यू-८ बेनचा फॉर्म आज दुपारी भरला. सबटायटलचं काम भाच्याकडे दिलंय, त्याची खट्टू स्वारी त्यामुळे खूश झाली. "वैल"ला इंग्रजीत काय लिहायचं यावर तो आणि आई अजून भांडतायत.

पिठल्याचा व्हिडिओ पाच मिनिटांचाच राहणार, आई म्हणाली पिठलं काय आठ मिनिटं करायचं असतं? पण कच्च्या फणसाची भाजी ती आता सुरुवातीपासून दाखवणार आहे, हाताला तेल लावून फणस चिरण्यापासून. तो व्हिडिओ साडेअकरा मिनिटांचा झालाय. मी मधल्या जाहिरातीची खूण लावायला बसले तर यंत्राने ती फोडणीच्या मधोमध सुचवली होती. आई ओरडलीच, "अगं मोहरी तडतडतेय नि तू माणसाला उठवून कुठे नेतेस, करपेल ना." मग तिनेच फोन हातात घेतला, व्हिडिओ पुढे सरकवत सरकवत नेला, आणि जिथे ती भाजीवर झाकण ठेवते, झाकणात पाणी ओतते आणि पाट सरकवून मागे टेकते, तिथे बोट ठेवलं. "इथे घाल. इथे तसंही दहा मिनिटं थांबायचंच आहे."

तांबडापांढरा (१०:१८)

ताई, चॅनलचं नाव व्यनि करा. दिवाळीत मला त्या झाकणावरची जागा पाहिजे.

मृदगंध (१०:२०)

आणि मला सांदणांची लिंक, शनिवारपासून थांबलेय!